जुन्या थंडरबर्डला टायर कोणते टाकायचे?

अंबाजोगाईच्या एका सरांचा प्रश्न आहे. त्यांची गाडी २०१३ ची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५०, तारांची चाकं, ४६ हजार किलोमीटर पळालेली. टायर शेवटचे बदलले २०१८ मध्ये. पुढे लॉकडाऊन आला, घरात आजारपणं झाली, गाडी फारशी बाहेर पडली नाही, त्यामुळे नक्षी अजून बरीच शिल्लक आहे. आता दिवाळीनंतर सर आणि वहिनी तुळजापूर, सोलापूर, विजापूर, होसपेट करत हंपीला जायचं म्हणतात. दुकानदार म्हणतो, मागे १३० चा रुंद टायर टाका, गाडी भारदस्त दिसेल आणि पकडही वाढेल. मुलगा म्हणतो, ट्यूबलेसच करून टाका. कंपनी कोणती घ्यावी, हाही प्रश्न आहे. आणि सरांच्या स्वतःच्या मनात असं, की नक्षी एवढी शिल्लक असताना टायर बदलायचेच कशाला?

सर, मी लातुरात सत्तावीस वर्षं चाकांचंच काम करतोय. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे दिसतात: ३२१७. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यात, ऑगस्टमध्ये, साच्यातून निघाला. तुम्ही तो २०१८ मध्ये बसवला असला तरी त्याचं वय साच्यातून निघाल्यापासून मोजायचं. आठ वर्षं झाली. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका. दहा वर्षं ही शेवटची हद्द झाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली भाजत उभी असते. अशा गाडीसाठी मी सहा वर्षंच धरतो. हा कंपनीचा नियम नाही, माझ्या हाताखालून गेलेल्या टायरांवरून बसलेला हिशेब आहे.

टायर उभ्या गाडीवरही म्हातारा होतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबर खातात. त्यापासून वाचवायला कंपनी रबरात मेण आणि काही रसायनं मिसळते. टायर पळतो, रस्त्यावर दबतो आणि सुटतो, तेव्हा ते मेण आतून हळूहळू वर येतं आणि रबरावर पातळ थर धरतं. गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली की ही हालचालच होत नाही. वरचा थर उडून जातो, रबर कोरडं पडतं, कडेला केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. त्यामुळे वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर कधी कधी रोज पळणाऱ्या गाडीच्या टायरापेक्षा वाईट निघतो.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. सकाळी टायर थंड असताना नक्षीच्या गोटीत, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या ठोकळ्यात, अंगठ्याचं नख जोरात दाबा. जिवंत रबर दबतं आणि नख काढलं की वर येतं. कडक झालेल्या रबरावरून नख घसरतं. मग हवा भरलेली असताना टायरची कड उजेडात बघा, नक्षीच्या खाचांच्या तळाशी बघा. तिथे भेगा असतील तर पुढे विचार करायचं कारण नाही. आपल्याकडच्या कायद्यात दुचाकीच्या नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. तुमचा टायर त्या मापात सहज पास होईल. पण कायदा खोली मोजतो. रबर मऊ आहे की लाकूड झालंय, ते तुम्हालाच बघावं लागतं.

हे मला अंगावर बेतल्यावर कळलं. २००८ चा जून होता. एक जुनी गाडी घेतली होती, टायर दिसायला नवे, नक्षी भरगच्च. मृगाचा पहिला पाऊस नुकताच येऊन गेला होता. धाकटा भाऊ मागे बसलेला, रेणापूरहून लातूरला येत होतो. पुढे ट्रॅक्टर थांबला. मी नेहमीसारखाच ब्रेक दाबला आणि पुढचं चाक साबणावर पाय पडावा तसं सरकलं. माझं हासळीचं हाड मोडलं, भावाचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल वर येतं, रस्ता तेवढा निसरडा पुन्हा पावसाळाभर नसतो, हे मला ठाऊक होतं. टायरचं मात्र ठाऊक नव्हतं. महिनाभराने हात गळ्यात अडकवून त्या गाडीपाशी बसलो आणि टायरवरचे आकडे वाचले: १४०१. सात वर्षांचा टायर. दहा वर्षं हेच काम करत होतो आणि तोवर फक्त नक्षी बघत होतो. त्या दिवसापासून माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येक गाडीची आधी तारीख वाचली जाते.

तेव्हा सर, दोन्ही टायर बदला. पुढचाही. पुढच्याची नक्षी मागच्याहून जास्त शिल्लक राहते, म्हणून लोक फक्त मागचा बदलतात. पण ब्रेक मारताना सगळा भार पुढे येतो आणि गाडी खरी थांबवतो तो पुढचा टायर. तुमच्या गाडीला दोन्हीकडे डिस्क आहे, पण एबीएस नाही. चाक जाम होऊन सरकू लागलं तर सोडवणारं कुणी नाही, फक्त तुमची बोटं आणि ते रबर.

आता मापाचं. या थंडरबर्डला पुढे ९०/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८. यातला १२० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के इतकी टायरची उंची, म्हणजे ९६ मिलिमीटर, आणि १८ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. हे सगळे वाचतात. त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, ते कुणी वाचत नाही, आणि दोघांनी सामान घेऊन लांब जायचं असेल तर महत्त्वाचं तेच. आकडा वजनाचा. ५२ म्हणजे २०० किलो, ५७ म्हणजे २३० किलो, ६२ म्हणजे २६५ किलो. अक्षर वेगाचं: पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१० किलोमीटर.

तुमचाच हिशेब मांडू. गाडी पेट्रोलसकट १९२ किलो. तुम्ही ७८, वहिनी ६२, बॅगा, पाणी आणि अवजारं मिळून २५ धरू. झाले ३५७ किलो. मागे माणूस बसलेलं आणि सामानही मागेच बांधलेलं असलं, की साठ ते पासष्ट टक्के वजन मागच्या चाकावर जातं. म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. मागच्या टायरवर ६२ असेल तर चाळीस किलोची मोकळीक राहते. कुणी माप जमतंय म्हणून ५७ चा टायर गळ्यात मारला, तर तुम्ही काठावर चालताय. त्यात खड्डा आला, चाक आदळलं, की त्या क्षणी वजन दुपटीने बसतं. शिवाय हे वजन पेलायचं तर टायरमध्ये सांगितलेली पूर्ण हवा असावी लागते. हवा कमी असेल तर ६२ चा टायरही ६२ चा राहत नाही. तेव्हा दुकानात गेलात की आकडा ६२ च्या खाली नको आणि अक्षर मूळ टायरवर होतं त्याच्या खालचं नको, एवढं पक्कं धरा. काही ठिकाणी एनफिल्डच्याच क्लासिक गाडीचा ११०/९०-१८ काढून देतात, ‘एनफिल्डचाच आहे’ म्हणून. तो बसतोही. पण तुमच्या गाडीचा नाही, नका घेऊ.

दुकानदार सांगतो तो बहुधा १३०/७०-१८ असणार. त्याची उंची निघते ९१ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा पाच मिलिमीटर कमी. गाडीचा मागचा भाग तेवढा खाली बसेल, दोन्ही कडांना पाच-पाच मिलिमीटर रुंदी वाढेल, चेनगार्ड आणि चिमट्यातली (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधली) मोकळी जागा तेवढी कमी होईल. हे सगळं एक वेळ चालवून घेता येईल. खरी अडचण रिमची आहे. प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमसाठी बनतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा उंच, गोल होतो. मागून बघितलं तर टायर भारदस्त दिसतो, पण रस्त्याला टेकणारा पट्टा वाढतच नाही, सरळ चालताना उलट कमीही होतो. मधला भाग लवकर झिजतो, आणि वळणावर गाडी ठरलेल्या रेषेत न राहता आधी अडखळते, मग एकदम आत पडते. असा टायर टाकून आठ दिवसांत परत आलेली गिऱ्हाइकं मी बघितली आहेत. ‘गाडी डोलायलीय, कोनसेट (हँडलचं बेअरिंग) बघा,’ म्हणून येतात. कोनसेट ठणठणीत असतो. मूळ मापाचा टायर टाकला की डोलणं जातं. एनफिल्डच्या माणसांनी या चिमट्याला, या वजनाला, या तिरकसपणाच्या पुढच्या शॉकअपला जे माप ठरवलं, ते गाडी चालवून ठरवलंय. रस्त्याकडेला उभं राहून बघणाऱ्यासाठी टायर घ्यायचा नाही.

मुलाने ट्यूबलेसचं सुचवलं, त्यात त्याची काळजी दिसते आणि ती बरोबर आहे. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते. ट्यूब फाटली तर क्षणात बसते. पण तुमच्या रिमला प्रत्येक तारेपाशी एक भोक आहे, तिथून हवा निघणार. आणि भोकं बुजवली तरी दुसरी गोष्ट उरते. ट्यूबलेसच्या रिमला आतून दोन्ही बाजूंना एक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी तो टायरची रिममध्ये बसणारी कड जागेवरून सरकू देत नाही. ट्यूबच्या रिमला तो उंचवटा सहसा नसतो. भोकं टेप आणि चिकटद्रव्याने बंद करून देणारे आहेत, पण मागे माणूस बसवून परराज्यात जायच्या गाडीला ते मी करत नाही. २०१८ ला आलेल्या थंडरबर्ड एक्सला कंपनीनेच अलॉय चाकं (तारांशिवायची, एकसंध ओतलेली) आणि ट्यूबलेस टायर दिले होते. तुम्हाला ट्यूबलेसच हवं असेल तर पुरी चाकंच बदलावी लागतात. तो खर्चाचा आणि नेमक्या फिटिंगचा विषय आहे, स्वस्तातल्या अलॉयवर तर बिलकूल जाऊ नका. खड्ड्यात तारांचं चाक वाकतं, पण वाईट अलॉयला तडा जातो.

दुकानात असंही सांगतील, की ट्यूबलेस टायर घ्या आणि आत ट्यूब घाला. तसं बसवता येतं, बरेच लोक चालवतात. पण ट्यूबलेस टायरची कड रिमला फार घट्ट बसते. विजापूरच्या पुढे माळावर पंक्चर झालं आणि तुम्ही दोन टॉमी (टायर उचकटायच्या पट्ट्या) घेऊन बसलात, तर ती कड हाताने सुटणार नाही. ट्यूबचाच टायर मिळत असेल तर तोच घ्या, रस्त्यावर उघडता येतो. नाहीच मिळाला तर ट्यूबलेसमध्ये ट्यूब घालताना आतल्या बाजूचं कागदी लेबल खरवडून काढायला लावा. ते आत राहिलं तर घासून घासून ट्यूबला भोक पाडतं.

ट्यूब नवीनच घ्या. टायरवर एवढा पैसा घालून लोक जुनी ट्यूब परत टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. जुनी ट्यूब वर्षानुवर्षं हवेने ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरमध्ये ती दुमडते, दुमड घासते, तापते, आणि एक दिवस त्याच रेषेवर फाटते. माझ्या एका गिऱ्हाइकाची अशी ट्यूब औशाच्या पुढे दुपारी दोन वाजता गेली. सुदैवाने मागचं चाक होतं आणि वेग बेताचा होता. ट्यूबचं मापही टायरच्या मापाशी जुळणारं बघा, बसवताना टाल्कम पावडर लावा. ट्यूब आणि तारांच्या टोकांमध्ये जो रबरी पट्टा असतो, तोही बदला. टायरच्या खर्चापुढे तो काहीच नाही, आणि तो कुजला की तारेचं टोक थेट ट्यूबमध्ये.

कंपनीबद्दल. माणसं इथूनच सुरुवात करतात, मी इथे शेवटी येतो. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, यातल्या कुणाचाही टायर योग्य मापाचा, योग्य वजनाच्या आकड्याचा आणि ताजा असेल तर तुमचं काम होईल. नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: मऊ की कडक? प्रत्येक कंपनी दोन्ही बनवते. कडक रबराचा टायर जास्त किलोमीटर देतो, ओल्यात पकड कमी देतो. मऊ रबराचा लवकर झिजतो, पण रस्ता धरून ठेवतो. आपल्याकडे दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती हजार चालेल?’ रोज लातूर-अंबाजोगाई ये-जा करणाऱ्याने तो जरूर विचारावा. तुमचं तसं नाही. तुमची गाडी वर्षाला फार तर चार हजार किलोमीटर चालणार. म्हणजे सहा वर्षांत चोवीस हजार. तुमचा टायर झिजून जाणारच नाही, वयाने जाणार. मग जे किलोमीटर तुम्ही कधी वापरणारच नाही, त्यांच्यासाठी पकड का सोडायची? तुम्ही मऊकडे झुकणारा, ओल्यात चांगला चालणारा टायर घ्या. निम्मी नक्षी शिल्लक असताना तो टाकून द्यावा लागला तरी तो पैसा वाया गेलेला नसेल.

मात्र शर्यतीच्या गाड्यांचे अगदी मऊ टायर वेगळे, ते या गाडीसाठी नाहीत. रेडिअलच्याही, म्हणजे आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असलेल्या टायरच्याही, मागे लागू नका. तुमची गाडी तिरप्या धाग्यांच्या साध्या टायरवर बेतलेली आहे, पुढे एक प्रकार आणि मागे दुसरा ही भेळ तर नकोच. दोन्ही टायर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घेतले तर उत्तम, कारण ते एकमेकांसोबत वळायला बनवलेले असतात.

नक्षीबद्दल थोडंच. हल्ली मोठ्या गोट्यांच्या, डोंगरात जायच्या टायरांची हौस आहे. तुम्हाला डांबर आणि सिमेंटवरून जायचंय. त्या गोट्या सिमेंटच्या रस्त्यावर घोंघावतात, आणि रस्त्याला टेकणारं रबर कमी असतं. कुणी म्हणेल, चिखलात कामाला येतील. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात कुठलीच नक्षी कामाला येत नाही. चाक दोन फेरे फिरलं की माती मडगार्डात गच्च बसते आणि गाडी उभी राहते. तिथे काडीने माती काढणं हाच इलाज.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिवाळीनंतर म्हणजे ऊस कारखान्यांचा गळीत हंगाम. लातूरपासून सोलापूरपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. शेतातून निघताना त्यांच्या चाकांबरोबर ओली माती डांबरावर येते, वर पाचट आणि चिरडलेला ऊस पडलेला असतो. कोरड्या रस्त्यात मध्येच पन्नास फूट निसरडा पट्टा, तोही बहुतेक वळणापाशी किंवा फाट्यावर. मऊ टायर घ्या म्हणतो, ते पावसाळ्यासाठी जितकं तितकंच यासाठी.

दुकानात टायर हातात घ्या आणि आधी आकडे वाचा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर छान, वर्षाचा चालेल, दोन वर्षांच्या पुढचा स्वस्त दिला तरी घेऊ नका. मला एकदा एका ठोक विक्रेत्याने तीन वर्षांचा माल ‘गोदामातच होता, ऊन लागलेलं नाही’ म्हणून पाठवला होता. सगळा परत केला. बजाजच्या अॅव्हेंजर २२० वाल्यांनी तर हे जास्तच सांभाळावं. त्यांच्या मागच्या १३०/९०-१५ मापाला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे टायर दुकानात पडून राहतो. लातुरात ताजा नसेल तर आठ दिवस थांबा, पण वाचूनच घ्या.

टायर उतरला की घाई करू नका, ही वेळ चाकाची आहे. बारा वर्षांच्या गाडीत मला सगळ्यात जास्त दोष टायरखाली सापडतात. रिमला आतून गंज चढलेला असतो. पॉलिश पेपरने घासून काढावा, आणि पापुद्रे सुटत असतील किंवा रिम खाल्ली गेली असेल तर रिमच बदलावी. प्रत्येक तारेवर पान्ह्याने हलकेच टिचकी मारा. ताणलेली तार टण वाजते, सैल तार थप करते. सैल तारांचं चाक दोन माणसांच्या वजनाखाली हळूहळू आउट होतं, म्हणजे वाकडं फिरू लागतं. चाक फिरवून रिमशेजारी पेन्सिल स्थिर धरा, रिम कुठे जवळ येते, कुठे लांब जाते ते दिसेल. दोन मिलिमीटरच्या वर फरक असेल तर आउट काढूनच टायर चढवा. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर लागली तर बदला. मागच्या हबमधले रबर, चेन-सॉकेट, ब्रेक पॅड, पुढच्या शॉकअपची तेलगळती, हे सगळं त्याच वेळी. पुढचा टायर लाटा आल्यासारखा उंचसखल झिजला असेल तर दोष टायरचा नसतो. शॉकअप थकलेले असतात किंवा हवा कायम कमी राहिलेली असते. ते तसंच ठेवून नवा टायर टाकला तर तोही तसाच होणार.

बसवताना टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते स्वतः बघा. पुढच्या टायरचा बाण मी उलटा बसलेला कितीदा तरी बघितलाय. हलक्या बाजूची खूण म्हणून रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी यावा. हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती गोल सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत बुडाली असेल तर हवा काढून, कडेला साबणपाणी लावून पुन्हा भरा.

हवेचा आकडा गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी वेगळा आणि मागे माणूस असताना वेगळा दिलेला असतो. हंपीला जाताना दुसरा आकडा ठेवा. मापायची सकाळी, गाडी निघायच्या आधी. बाहेरचं तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की हवा साधारण एक पीएसआय बदलते. त्यामुळे नोव्हेंबरच्या पहाटे नीट भरलेली हवा दुपारी सोलापुरात तीन-चारने जास्त दिसेल. ते ठीक आहे, टायर बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं. पंपावरचा पोऱ्या ‘जास्त झालीय’ म्हणून काढायला लागला तर काढू देऊ नका. रात्री टायर थंड झाला की तो कमी हवेवर बसेल, आणि कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो. उन्हात टायर फुटतात त्यामागे बहुतेक वेळा हवा कमी असणं असतं, जास्त असणं नव्हे. आणि नायट्रोजनसाठी वेगळे पैसे नकोत, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. घड्याळाचा एक छोटा गेज स्वतःचा घ्या, पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत.

आपल्या भागात पंक्चर म्हणजे बाभळीचा काटा. रस्त्याकडेच्या वेड्या बाभळी तोडून झाल्या की त्या आठवड्यात माझ्याकडे रांग लागते. काटा आत मोडून राहतो. ट्यूब काढून पॅच मारला आणि टायर आतून बोटाने चाचपला नाही, तर दोन किलोमीटरवर तोच काटा पुन्हा लागतो. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा, काटा असेल तर कापड अडकतं. प्रवासात एक पुढची आणि एक मागची ट्यूब, दोन टॉमी, पायाचा किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि तुमच्या एक्सलला लागणारे पान्हे एवढं बांधून घ्या. ट्यूबलेसचं पंक्चर काढायचं दोरीचं किट तुमच्या कामाचं नाही. आणि चालत्या गाडीत हवा गेलीच तर घाबरून ब्रेक दाबू नका. हँडल दोन्ही हातांनी सरळ धरा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, आणि ज्या चाकात हवा आहे त्याचाच ब्रेक अलगद वापरा. वहिनींनाही आधी सांगून ठेवा, की अशा वेळी एका बाजूला झुकायचं नाही, तुम्हाला धरून सरळ बसायचं.

नवीन टायरवर पहिले दीडशे किलोमीटर जपून. साच्यातून निघालेलं रबर वरून गुळगुळीत असतं, रस्त्यावर थोडं घासलं गेल्याशिवाय धरत नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टायर टाकून घेऊ नका. दसऱ्याच्या आसपास टाका, मग मधल्या दिवसांत परळी, केज, रेणापूर असं एकट्याने फिरून या. सुरुवातीला बेताने, मग हळूहळू वळणांवर थोडी जास्त कलवत. दोन-तीनशे किलोमीटर झाले की तारा पुन्हा तपासायच्या असतात, नव्याने कसलेल्या तारा थोड्या बसतात. त्यासाठी गाडी घेऊन या, तासाभराचं काम आहे. येताना वहिनींना मागे बसवून आणि बॅगा बांधूनच या, म्हणजे हंपीला जायच्या वजनावर हवा आणि मागचे शॉकअप दोन्ही इथेच लावून देता येतील.